वत्स-गुल्मांचा भाचा



मालेगावहून वाशीमची बस धरली की तासाभराच्या आत आपण एका जुन्या राजधानीत उतरतो. आज वाशीम म्हटलं की कचेऱ्या, बाजार, बालाजीचं देऊळ आणि पद्मतीर्थ डोळ्यांपुढे येतं. १ जुलै १९९८ रोजी अकोला जिल्ह्यातून वेगळा होऊन वाशीम जिल्हा झाला. पण सोळाशे वर्षांपूर्वीही हे गाव एका राज्याचं मुख्य ठिकाण होतं. तेव्हा त्याचं नाव होतं वत्सगुल्म. वाकाटक घराण्याची एक शाखा इथून राज्य करीत होती.

हे नाव कसं पडलं, याच्या कथा सांगतात. स्थानिक माहात्म्य म्हणतं की वत्स नावाच्या ऋषीने इथे तप केलं, त्याच्यासाठी देवांचा मेळा जमला, आणि मेळ्याला गुल्म म्हणतात म्हणून हे वत्सगुल्म. कामसूत्रावर जयमंगला नावाची जुनी टीका आहे. ती म्हणते की दक्षिणापथात वत्स आणि गुल्म असे दोन राजपुत्र भाऊ होते, त्यांनी वसवलेला हा मुलूख. हेच दोन भाऊ आणखी एका ठिकाणी भेटतात. काश्मीरच्या सोमदेवाने अकराव्या शतकात ‘कथासरित्सागर’ लिहिला, त्याच्या अगदी सुरुवातीला. तिथे ते राजपुत्र नाहीत, ब्राह्मणाची पोरकी मुलं आहेत. आणि त्यांना एक बहीण आहे.

आजचं बोलणं या बहिणीबद्दल, तिच्या मुलाबद्दल आणि एका प्रश्नाबद्दल आहे. जुन्या अद्भुत कथांतल्या वीरांचे, राजांचे, कवींचे आईबाप इतक्या वेगवेगळ्या जातींचे का असतात? आई माणूस आणि बाप नाग. बाप यक्ष आणि आई ऋषिकन्या. बाप क्षत्रिय आणि आई राक्षसी. असं का? कथाकाराची नुसती गंमत, असं म्हणून आपण पुढे जातो. पण थोडं थांबून पाहिलं तर या गमतीखाली फार गंभीर गोष्ट सापडते.

आधी कथा ऐका.

प्रतिष्ठान देशात, म्हणजे आपल्या पैठणच्या मुलखात, सोमशर्मा नावाचा ब्राह्मण होता. त्याला वत्स आणि गुल्म हे दोन मुलगे आणि श्रुतार्था ही मुलगी. आईबाप वारले. भाऊ बहिणीला सांभाळून राहू लागले. काही दिवसांनी बहिणीला दिवस गेले. घरात दुसऱ्या पुरुषाचा पाय नव्हता, तेव्हा दोघे भाऊ एकमेकांकडेच संशयाने पाहू लागले. बहिणीने ते ओळखलं. ती म्हणाली, मनात पाप आणू नका. मी स्नानाला जात असता वासुकी नागाचा पुतण्या कीर्तिसेन याने मला पाहिलं, आपलं नाव आणि कूळ सांगितलं, आणि गांधर्वविधीने माझ्याशी लग्न केलं. भाऊ म्हणाले, याला पुरावा काय? तिने मनात आठवण करताच नाग समोर उभा राहिला. ही शापाने खाली आलेली अप्सरा आहे, तुम्हीही शापामुळेच पृथ्वीवर आला आहात, हिला मुलगा होईल आणि मग तुम्ही सगळे सुटाल, एवढं सांगून तो नाहीसा झाला. पुढे मुलगा झाला आणि त्याच वेळी आकाशवाणी झाली. हा शिवाचा गण आहे, याचं नाव गुणाढ्य, आणि हा ब्राह्मण आहे.

आपण आज हे बोलणं आकाशवाणीवरूनच ऐकता, म्हणून थोडं हसू येईल. पण त्या आकाशवाणीने नेमकी कोणती बातमी दिली ते पाहा. मुलगा गुणी निघेल, हे एक. आणि मुलाची जात कोणती, हे दुसरं. पहिली गोष्ट कळायला लोक दहा-वीस वर्षं थांबले असते. दुसऱ्या गोष्टीसाठी त्यांना थांबायचं नव्हतं. गावाला उत्तर त्याच दिवशी पाहिजे होतं.

गोष्टीतले चमत्कार बाजूला काढले तर काय उरतं? आईबाप नसलेली एक कुमारी, तिला गेलेले दिवस, एकमेकांवर संशय घेणारे भाऊ, आणि ज्याच्या बापाचं नाव गावाला ठाऊक नाही असं एक मूल. हा प्रसंग कोणत्याही गावात घडू शकतो. बहुतेक गावांत त्याचा शेवट विहिरीच्या काठाशी होत आला आहे. कथाकाराने तो शेवट होऊ दिला नाही. त्यासाठी त्याला एक नाग, एक अप्सरा, तीन शाप आणि एक आकाशवाणी खर्ची घालावी लागली. माझं म्हणणं एवढंच आहे की कुळाच्या कथेत चमत्कार जिथे दाटीने येतात, तिथे समाजापुढे अवघड प्रश्न उभा होता असं समजावं. प्रश्न जितका अवघड, तितके देव जास्त लागतात.

गुणाढ्य ज्या राजाच्या पदरी होता त्या सातवाहन राजाची जन्मकथाही याच ग्रंथात आहे. दीपकर्णी नावाच्या राजाला मूल नव्हतं. शंकराने स्वप्नात सांगितलं की रानात सिंहावर बसलेला मुलगा दिसेल, त्याला घरी ने. राजा रानात गेला. कमळांच्या तळ्यावर सिंह पाणी प्यायला आला होता, त्याच्या पाठीवर पोर. राजाने बाण मारला. सिंह पडला आणि त्याच्या जागी माणूस उभा राहिला. तो म्हणाला, मी कुबेराचा मित्र, सात नावाचा यक्ष. एका ऋषिकन्येशी मी गांधर्वविवाह केला. तिच्या नातलगांना ते रुचलं नाही. त्यांच्या शापाने आम्ही दोघे सिंह-सिंहीण झालो. मूल झालं तशी ती शापातून सुटून गेली, आणि मी याला इतर सिंहिणींच्या दुधावर वाढवलं. सात हा त्या मुलाचं वाहन झाला होता, म्हणून मुलाचं नाव सातवाहन.

इथेही तसंच आहे. चोरून झालेलं लग्न, संतापलेले सोयरे, टाकलेले आईबाप, आणि दुसऱ्याच्या घरी वाढलेलं मूल. नातलगांनी या जोडप्याला जनावर करून टाकलं, असं कथा सांगते. आजही बोलण्यात आपण तेच म्हणतो. जातीबाहेर लग्न केलेल्यांशी लोक कसे वागतात, हे विचारलं की कुणीतरी सांगतोच, जनावरासारखे वागवले.

आता या दोघांची, म्हणजे नागाच्या मुलाची आणि सिंहिणीच्या दुधावर वाढलेल्या राजाची, गाठ कशी पडली ते पाहा. एका प्रसंगात राजाला संस्कृत येत नाही म्हणून राणीपुढे त्याची फजिती झाली. त्याला संस्कृत किती दिवसांत शिकवता येईल, यावर गुणाढ्य आणि शर्ववर्मा यांची पैज लागली. शर्ववर्म्याने सहा महिन्यांत शिकवून दाखवलं. हरलेल्या गुणाढ्याने संस्कृत, प्राकृत आणि देशी अशा तिन्ही भाषा सोडल्या. तो विंध्याच्या रानात गेला. तिथे लोक पैशाची नावाची भाषा बोलत, तिच्यात त्याने ‘बृहत्कथा’ रचली. शाई नव्हती, म्हणून स्वतःच्या रक्ताने लिहिली. सात लाख श्लोक झाले. शिष्यांनी ते राजाकडे नेले. राजाने तोंड फिरवलं. पिशाचांची भाषा आणि रक्ताची अक्षरं, हे आम्हाला नको म्हणाला.

तेव्हा गुणाढ्याने डोंगरावर अग्नी पेटवला. एकेक पान पशुपक्ष्यांना वाचून दाखवायचं आणि जाळायचं. जनावरं चरायचं विसरून ऐकत उभी राहिली. राजवाड्यात सुकलेलं मांस येऊ लागलं, राजा आजारी पडला, पारध्यांकडून कारण कळलं आणि तो धावत रानात आला. सहा लाख श्लोक जळून गेले होते. एक लाख उरले, ते त्याने पदर पसरून मागून घेतले.

या कथेतला टोला बारीक आहे, पण जोरात बसतो. ज्या राजाचा स्वतःचा जन्म रानातला, त्याने ग्रंथ नाकारला तो कशामुळे? ग्रंथाचा जन्म हलक्या भाषेत झाला म्हणून. माणसाला कूळ असतं तसं भाषेलाही कूळ लावलं जातं. वऱ्हाडी बोलणाऱ्या मुलाला शाळेत पहिल्यांदा उभं केल्यावर वर्गात जे हसू उठतं ते आठवा, म्हणजे हा राजा फार दूरचा वाटणार नाही.

इथवर कथा झाली. आता इतिहासात यावं, कारण सातवाहन हे घराणं खरं होतं. त्यांनी खडकांवर कोरलेलं लिखाण अजून वाचता येतं. नाशिकच्या पांडवलेण्यांत गौतमी बलश्री या राजमातेचा मोठा लेख आहे. नातू पुळुमावी याच्या राज्याच्या एकोणिसाव्या वर्षी तो कोरला. त्यात ती आपल्या मुलाचं, गौतमीपुत्र सातकर्णीचं, वर्णन करते. त्याने शक, यवन, पह्लवांचा नाश केला. तो अद्वितीय ब्राह्मण होता. त्याने क्षत्रियांचा गर्व उतरवला. आणि त्याने चार वर्णांची सरमिसळ थांबवली.

सरमिसळ थांबवली, हे वाक्य ध्यानात ठेवा आणि मुंबईजवळच्या कान्हेरी लेण्यांत चला. तिथे पाण्याच्या एका टाक्यावर तुटका लेख आहे. त्यात वासिष्ठीपुत्र सातकर्णीच्या राणीचा उल्लेख येतो. ती कार्दमक राजवंशातली, एका महाक्षत्रपाची मुलगी. महाक्षत्रप ही शक राजांची पदवी. बापाच्या नावाचं पहिलंच अक्षर नीट उरलं आहे, पण तो रुद्रदामन असावा असं बहुतेक विद्वान मानतात. गुजरातेत गिरनारच्या पायथ्याशी याच रुद्रदामनाचा लेख आहे, काळ इसवी सन १५०. दक्षिणापथाच्या सातकर्णीला आपण दोनदा हरवलं, पण नातं जवळचं असल्यामुळे त्याचा समूळ नाश केला नाही, असं तो तिथे सांगतो. म्हणजे आजी लेण्यात कोरून ठेवते की शकांचा नाश केला आणि वर्णसंकर थांबवला. त्याच घराण्यात शकांची मुलगी सून म्हणून नांदते, आणि तिच्यामुळे राज्य वाचतं!

आणखी एक गोष्ट. हे राजे स्वतःची ओळख आईच्या नावाने देतात. गौतमीचा पुत्र, वासिष्ठीचा पुत्र. राज्य बापाकडून मुलाकडे जात होतं, पण नाव आईचं. कितीही मोठ्या वंशावळीला शेवटी आईशिवाय गती नाही, एवढं तरी त्यांनी उघड मान्य केलं.

हेच सातवाहन पुढे लोकांच्या तोंडी शालिवाहन झाले आणि जन्मकथा पुन्हा बदलली. पैठणच्या कुंभारवाड्यात एका ब्राह्मण मुलीला शेषनागापासून मुलगा झाला. तो मातीचे हत्ती, घोडे, शिपाई करून खेळे. संकट आलं तेव्हा त्याने त्या मातीत प्राण फुंकले आणि विक्रमादित्याला हरवलं. आपण पाडव्याला गुढी उभारतो आणि पंचांगात शालिवाहन शक लिहितो, तेव्हा त्याची आठवण काढतो. पण शब्दच पाहा ना! इसवी सन ७८ पासूनची ही कालगणना शक राजे वापरीत होते, म्हणून ती शककाल. शालिवाहनाचं नाव तिला शेकडो वर्षांनी चिकटलं. ज्यांना हरवलं म्हणून अभिमान धरायचा, त्यांचं नाव आणि हरवणाऱ्याचं नाव एकाच जोडशब्दात नांदतं आहे. आपलं पंचांगसुद्धा मिश्र कुळाचं आहे, आणि त्यामुळे त्याचा मुहूर्त कधी चुकला नाही.

पैठणहून आता घरी, वत्सगुल्माला परत येऊ. इसवी सनाच्या चौथ्या शतकात प्रवरसेन या वाकाटक सम्राटाच्या मागे राज्य वाटलं गेलं. एक शाखा नागपूरकडे नंदिवर्धनला राहिली. दुसरी सर्वसेनाने वत्सगुल्माला आणली. सर्वसेनाच्या मुलाचा, दुसऱ्या विंध्यशक्तीचा, ताम्रपट वाशीमलाच मिळाला आणि १९३९ साली विद्वानांपुढे आला. महामहोपाध्याय वा. वि. मिराशी यांनी वाकाटकांच्या लेखांवर आयुष्याची बरीच वर्षं घालवली. त्यांच्यासारख्यांमुळे हे सारं आपल्याला ठाऊक झालं आहे.

या ताम्रपटात एक मौज आहे. ती शिक्षकांनी मुलांना जरूर सांगावी. पत्र्यावर दोन भाषा आहेत. राजाचा वंश सांगणारा भाग संस्कृतात आहे. गाव कुठलं, कुणाला दिलं, कोणत्या सवलतींनी दिलं, हा व्यवहाराचा भाग प्राकृतात आहे. म्हणजे आजोबा-पणजोबांची नावं घ्यायची तेव्हा राजा ठेवणीतली भाषा काढतो, आणि जमिनीचं काम निघालं की लोकांच्या भाषेत बोलतो. आपल्याकडे लग्नाची पत्रिका आणि सातबारा शेजारी ठेवून पाहा. तोच प्रकार दिसेल.

वाकाटक हे विष्णुवृद्ध गोत्राचे ब्राह्मण. पण त्यांच्या थोरल्या शाखेचे ताम्रपट पुन्हा पुन्हा अभिमानाने सांगतात की आमचा रुद्रसेन हा भारशिवांच्या महाराज भवनागाचा नातू, म्हणजे मुलीचा मुलगा. भारशिव हे नाग राजे. एरवी वंशावळीत आईकडच्या आजोबाला कोण विचारतो? इथे विचारलं, कारण आजोबा मोठा होता. याच शाखेत प्रभावतीगुप्ता ही राणी आली. तिचा बाप गुप्त सम्राट दुसरा चंद्रगुप्त, आणि आई कुबेरनागा नागकुळातली. नवऱ्याच्या मागे, मुलगा लहान असता, तिने राज्य चालवलं. आपल्या ताम्रपटात ती बापाचंच गोत्र लावते, आई नागकुळातली असल्याचं सांगते आणि स्वतःला दोन्ही कुळांचा अलंकार म्हणवते.

तेव्हा नाग हे नाव कथेत सापाच्या फण्याखाली येतं आणि इतिहासात राजाच्या मुकुटाखाली. दोन्ही एकच, असं म्हणण्याची घाई करू नये. पण नागकूळ हे सोयरिकीला उत्तम, ही जाणीव त्या काळच्या लोकांत होती, आणि गुणाढ्याचा बाप कथाकाराने नागांत शोधला हे काही उगाच झालेलं नाही. नागांची आठवण आपल्या मुलखात खोल आहे. श्रावणात पंचमीला आपल्या लेकी-सुना नाग पुजतात. मालेगाव तालुक्यात शिरपूरला अंतरिक्ष पार्श्वनाथाचं तीर्थ आहे. पार्श्वनाथांना धरणेंद्र नागराजाने फणांचं छत्र धरून राखलं, असं जैन परंपरा सांगते. आणि १९५६ च्या ऑक्टोबरात नागपूरला धम्मदीक्षेच्या वेळी भाषण करताना डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी याच नाग लोकांची आठवण काढली. बुद्धाचा धर्म देशभर नेणारे ते नाग लोक होते, असं त्यांनी सांगितलं. ज्यांना शतकानुशतकं कूळ नाही असं ऐकवलं गेलं, त्यांच्यापुढे एक पूर्वज उभा राहिला. पूर्वजांची गोष्ट ही अशी माणसाच्या पाठीचा कणा होऊ शकते. म्हणून तिच्याकडे पोरखेळ म्हणून पाहू नये.

वत्सगुल्माच्या शाखेचा सर्वांत नावाजलेला राजा हरिषेण, पाचव्या शतकाच्या अखेरचा. त्याचा प्रधान वराहदेव. अजिंठ्याचं सोळावं लेणं या वराहदेवाने कोरवलं. त्याच डोंगररांगेत जंजाळ्याजवळ त्याचं दुसरं बौद्ध लेणं आहे. तिथल्या लेखात त्याने आपलं कूळ सांगितलं आहे. वल्लूरच्या ब्राह्मणांत सोम नावाचा पूर्वज होऊन गेला. त्याला ब्राह्मण बायकांपासून मुलं झाली, ती वेदविद्येत निघाली. त्याने शास्त्राला धरून एक क्षत्रिय कन्याही केली. तिचा मुलगा रवी, आणि रवीपासूनची ही राजकारणी शाखा. वराहदेव हे लपवीत नाही, दगडात कोरतो. नागाची, शापाची, आकाशवाणीची त्याला गरज पडत नाही. का? कारण बाप वरच्या वर्णाचा आणि आई खालच्या वर्णाची, अशा लग्नाला शास्त्राने अनुलोम म्हणून वाट ठेवली होती. श्रुतार्थेची गोष्ट याच्या उलट. ब्राह्मणाची मुलगी आणि बाप अज्ञात. तिथे शास्त्राची वाट बंद, म्हणून देवांना बोलवावं लागलं.

आणि लोकांनी वराहदेवाच्या या लेण्याला नाव काय दिलं असेल? घटोत्कच लेणं!

घटोत्कच आपणा सगळ्यांच्या ओळखीचा. भीमाचा आणि हिडिंबा राक्षसीचा मुलगा. वत्सलाहरणाच्या खेळात तो आला की मांडवात पोरं टाळ्या वाजवायची. तो खेळ महाभारतात नाही, लोकांनी आवडीने रचला. महाभारतातला घटोत्कच पाहिला तर जीव चुटपुटतो. कुंती त्याला सांगते, तू पाच पांडवांचा थोरला मुलगा आहेस. थोरला म्हणजे वारस. पण साऱ्या महाभारतात त्याला गादीवर बसवण्याचा विषय एकदाही निघत नाही. संकट आलं की त्याला आठवायचं, आणि तो यायचा. शेवटी कर्णाजवळची अमोघ शक्ती अर्जुनावर पडू नये म्हणून त्याला रात्रीच्या लढाईत पुढे केलं. तो पडला तेव्हा पांडव रडले आणि कृष्ण आनंदला. तसाच अर्जुनाचा आणि उलूपी नागकन्येचा मुलगा इरावान. तोही रणात पडला. राज्य पुढे गेलं ते अभिमन्यूच्या मुलाकडे, दोन्ही अंगांनी राजवंशी असलेल्या परीक्षिताकडे.

सातवाहन आणि घटोत्कच शेजारी ठेवले तर रीत दिसते. दोघांच्या अंगात दोन जातींचं रक्त. एकाचं रक्त गादीचा आधार झालं, कारण त्याची कथा घराणं गादीवर बसल्यावर रचली गेली. दुसऱ्याचं रक्त फक्त लढायला कामी आलं, कारण गादी दुसऱ्या कुणाची होती. रक्त दोन्हीकडे सारखंच मिसळलेलं. कथा कोणासाठी सांगितली जात होती, त्यावर त्याची किंमत ठरली.

हे आपल्याच देशात आहे असं समजू नका. ग्रीकांचा हेराक्लीस हा देवाचा आणि मानवी स्त्रीचा मुलगा. बाबिलोनकडचा गिल्गमेश दोन तृतीयांश देव होता म्हणतात. इंग्रजीत टोल्कीन नावाच्या प्राध्यापकाने १९५४-५५ साली मोठी अद्भुतकथा छापली. तिच्यात मरण नसलेल्या एल्फ लोकांची आणि माणसांची लग्नं होतात. त्या वंशातल्या एल्रॉन्डला आणि त्याच्या भावाला तर आपण कोणत्या जातीत राहायचं ते निवडू दिलं जातं. एकाने एल्फ व्हायचं ठरवलं, दुसऱ्याने माणूस. आपल्या शाळेतली मुलं हॅरी पॉटर वाचतात, ते भाग १९९७ ते २००७ या काळात निघाले. त्यातला खलनायक शुद्ध रक्ताच्या नावाने माणसं मारतो, आणि त्याचा स्वतःचा बाप जादू न येणारा साधा माणूस असतो. वर्णसंकर थांबवल्याचं कोरणारं घराणं आणि त्यातली शकांची सून आपण नुकतीच पाहिली, तेव्हा हे नवल वाटू नये. शुद्धतेचा गजर मोठ्याने होऊ लागला की घरात काहीतरी झाकलेलं असतं, हा अनुभव जगभर सारखाच.

गुणाढ्याची मूळ ‘बृहत्कथा’ हरवली. तिची पुढची रूपं उरली, आणि त्यांत कूळ कसं चढवलं जातं ते उघड दिसतं. कथेचा नायक नरवाहनदत्त, वत्सदेशाच्या उदयनाचा मुलगा, पुढे विद्याधरांचा चक्रवर्ती होतो. त्याची पहिली प्रिया कोण? नेपाळात सापडलेल्या बुधस्वामीच्या ग्रंथात ती कलिंगसेना नावाच्या गणिकेची मुलगी आहे. गणिकेच्या मुलीला कुलस्त्रीचा मान कसा मिळेल, हाच तिथला पेच. काश्मीरच्या सोमदेवाकडे आलं तर तीच कलिंगसेना तक्षशिलेची राजकन्या झालेली आहे. पेच संपला, पण गोष्टीतली धगही थोडी विझली. कथा सांगणाऱ्यांच्या पिढ्या बदलल्या की माणसांची कुळं अशी वर सरकतात. भाटाच्या वहीत काय होतं आणि घराण्याला पैसा आल्यावर काय लिहिलं गेलं, हे गावातल्या म्हाताऱ्यांना चांगलं माहीत असतं.

मग शिक्षकांनी या कथा मुलांना सांगाव्यात की नाही? अवश्य सांगाव्यात. फक्त मुलाने विचारलं, गुरुजी, नागापासून खरंच मूल होतं का, तर नाही एवढंच सांगून पुस्तक मिटू नये. त्याला उलट विचारावं, त्या आईने असं का सांगितलं असेल? ती दुसरं काही सांगू शकली असती का? तिच्या भावांनी काय करायला हवं होतं? पाचवीतलं मूलसुद्धा यावर बोलतं, आणि कधी कधी मोठ्यांपेक्षा बरं बोलतं.

कारण अशी मुलं वर्गात बसलेली असतात. एखाद्याचे आईबाप दोन जातींचे, म्हणून आजोळही तुटलेलं आणि बापाचं घरही. एखादीच्या बापाचं नाव दाखल्यावर आहे, बाप कधी दिसलेला नाही. पटावर नाव घालताना त्यांना जे प्रश्न विचारले जातात, ते ऐकताना त्यांची मान खाली जाते. महाराष्ट्र सरकारने २०२४ साली ठरवलं की १ मे २०२४ रोजी किंवा त्यानंतर जन्मलेल्या मुलाच्या सरकारी कागदांवर त्याच्या नावापुढे आधी आईचं नाव येईल, मग बापाचं. नाशिकच्या डोंगरात गौतमीचा पुत्र म्हणून राजाने जे मिरवलं, ते तलाठ्याच्या आणि शाळेच्या दफ्तरात यायला अठराशे वर्षांहून जास्त काळ लागला. उशीर झाला खरा. पण आता हजेरी घेताना आईचं नाव स्पष्ट वाचायला काही हरकत नाही.

गुणाढ्याच्या कथेत एक गोष्ट मला फार मोलाची वाटते. वत्स आणि गुल्म यांनी बहिणीचं ऐकून घेतलं. आधी संशय घेतला, पुरावा मागितला, पण हात उगारला नाही. तिला बोलू दिलं. ते ऐकणं झालं नसतं तर नाग यायच्या आधीच सगळं संपलं असतं. गुणाढ्य जन्मला नसता, ‘बृहत्कथा’ झाली नसती, आणि ज्या कथासागरातून भारतभरच्या आज्यांनी ओंजळीने गोष्टी घेतल्या, तोही भरला नसता. एका बहिणीचं म्हणणं दोन भावांनी ऐकलं, एवढ्याशा गोष्टीवर हे सारं उभं आहे.

आपल्या वाशीमचं जुनं नाव या दोन भावांवरून पडलं असं मानणारी परंपरा आहे. ते राजपुत्र होते की ब्राह्मणाची पोरकी मुलं, याचा वाद पंडितांनी करावा. आपल्यापुरतं बोलायचं तर ज्यांनी बहिणीच्या पोराला आपला भाचा म्हटलं, त्यांचं नाव गावाला असणं ही चांगलीच गोष्ट आहे. अशा गावाजवळ राहणाऱ्यांनी कुणाच्या पोराला बापाचं कूळ विचारण्याआधी त्याला घरात घेऊन पाणी विचारावं.